छोटा शिशू, पहिले काही आठवडे: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

ज्युनिअर केजी म्हणा, छोटा शिशू म्हणा नाहीतर बालवाडी. जून उजाडला की पालकांचे प्रश्न तेच असतात. खालची उत्तरं साधारण साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांना धरून लिहिली आहेत. शिक्षिकेला कुठे बाई म्हणतात, कुठे टीचर. इथे ताई म्हटलं आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो: दिवाळीपर्यंत पाटी-पेन्सिलीची घाई नको. झोप, डबा, शू-शी, हातातली ताकद आणि भरपूर गप्पा एवढं घरी सांभाळलंत तरी पुष्कळ झालं.

रोज गेटवर रडतो. हे किती दिवस चालणार?

बहुतेक मुलं दोन ते चार आठवड्यांत रुळतात. आई-बाबा नजरेआड झाल्यावर पाच-दहा मिनिटांत रडणं थांबत असेल तर काळजी नको. म्हणून ताईंना "रडला का?" असं न विचारता "किती वेळ रडला?" असं विचारा.

निरोपाची पद्धत ठरवून घ्या. न्यायला कोण येणार ते घरूनच सांगून निघा. "साडेअकराला येईन" हे या वयाला कळत नाही. "डबा खाऊन झाला, गाणी झाली की आजी येईल" हे कळतं. गेटवर एक टाळी किंवा एक पापा, जे ठरलं असेल ते एकदाच. मग "येते हं" म्हणायचं आणि निघायचं. सगळं मिळून एक मिनिट.

बिघडतं ते असं. मुलाचं लक्ष नाही बघून गुपचूप सटकलात तर तो दिवस निभावतो, पण दुसऱ्या दिवसापासून ते घरातही पदर सोडत नाही, कारण तुम्ही केव्हा गायब व्हाल याचा भरवसा उरत नाही. निघाल्यावर पुन्हा खिडकीतून डोकावलात तर नुकतं शांत झालेलं मूल नव्याने सुरू होतं. "रडलास तर इथेच ठेवून जाईन" ही धमकी शाळेलाच शिक्षा करून टाकते. आणि चॉकलेटचं आमिष दाखवलंत तर आठवडाभरात चॉकलेटचा दर वाढतो.

पहिल्या दोन आठवड्यांत न्यायला पाच मिनिटं आधीच पोहोचा. सगळी मुलं गेल्यावर एकटं उरलेलं मूल दुसऱ्या दिवशी जास्त रडतं.

महिना-दीड महिना उलटूनही मूल वर्गात तासन्‌तास रडत असेल, डबा शिवत नसेल, शू दाबून ठेवत असेल, तर मात्र ताईंबरोबर बसून नीट बोला.

पहिला आठवडा हसत गेली. आता दुसऱ्या आठवड्यात "शाळा नको" सुरू झालं. काही घडलं असेल का?

बहुतेक वेळा काहीच घडलेलं नसतं. पहिल्या आठवड्यात नवलाई असते. हे रोजचंच आहे हे दुसऱ्या आठवड्यात लक्षात येतं. दर सोमवारी, तापाच्या सुट्टीनंतर आणि गणपतीच्या सुट्टीनंतर हीच गाडी पुन्हा रुळावरून घसरते, ते धरूनच चाला. मात्र एखाद्या ठरावीक माणसाचं किंवा जागेचं नाव घेऊन ती घाबरत असेल (रिक्षा, बाथरूम, एखादं मूल), तर तिचं पूर्ण ऐकून घ्या आणि त्याच दिवशी शाळेत विचारा.

शाळेत म्हणे शहाण्यासारखा असतो आणि घरी आला की आदळआपट. असं का?

तीन तास रांगेत थांबणं, वाटून घेणं, आपली पाळी येईपर्यंत गप्प बसणं, हे चार वर्षांच्या जिवाला फार होतं. आवरून धरलेलं सगळं घरी, आपल्या माणसांवर निघतं. आल्याबरोबर पाणी आणि खायला द्या. प्रश्न नंतर. अर्धा तास काहीही ठरवलेलं नको, लोळू दे.

आणि झोप मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. साडेसहाला उठवायचं असेल आणि दुपारी एक तास झोप होत असेल, तर रात्री साडेनऊच्या आत डोळा लागायला हवा, त्याहून लवकर तर उत्तमच. आपल्याकडे घरचं जेवणच साडेनऊला होतं, तिथे सगळं अडतं. मुलाला साडेसातला जेवायला घाला, मोठ्यांचं चालू दे उशिरा. झोपेची वेळ एकदम दोन तासांनी मागे ओढू नका. दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं सरकवा. दुपारची झोप पाचच्या पुढे गेली की रात्रीचं गणित कोलमडतं.

डबा तसाच परत येतो. काय देऊ?

काय द्यायचं हे नंतर बघू. आधी बघा, डबा त्याला उघडतो का? परत आलेल्या डब्यांपैकी कितीतरी डबे उघडलेलेच नसतात. स्टीलच्या डब्याचं झाकण घट्ट बसतं, चार क्लिपांचा डबा लहान बोटांना आवरत नाही, आणि ताईंच्या पुढे पंचवीस डबे असतात. घरी रविवारी जमिनीवर सतरंजी टाका, त्याचाच डबा, त्याचीच बाटली त्याच्या हातात द्या आणि बघत राहा. पिशवीची चेन उघडणं, झाकण काढणं, खाणं, झाकण परत लावणं, बाटली घट्ट बंद करणं, हे पाचही त्याचं त्याला जमलं पाहिजे. बाटली नीट बंद झाली नाही की दप्तरात तळं होतं.

दुसरी गोष्ट वेळ. खायला पंधरा-वीस मिनिटं मिळतात, त्यात निम्मा वेळ शेजारच्याचा डबा बघण्यात जातो. म्हणून थोडंच द्या: अर्ध्या पोळीची गुंडाळी, किंवा दोन छोट्या इडल्या, किंवा चार घावनाचे तुकडे, सोबत फळाच्या दोन फोडी. पूर्ण संपलेला छोटा डबा अर्ध्या उरलेल्या मोठ्या डब्यापेक्षा चांगला. पोहे, उपमा चमच्याने खाता येत असेल तरच. पहिल्या दोन आठवड्यांत नवा पदार्थ नको. शाळा नवी आहे तेवढं पुरे.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं या वयात घशात अडकू शकतात. द्राक्षं उभी चिरून द्या, दाण्यांचं कूट करा.

शाळेत शू सांगत नाही, कपड्यात होते.

घरी सवय असलेलं मूलही पहिल्या महिन्यात चुकतं. कारणं साधी असतात: मोठ्याने सांगायची लाज, बाथरूममधला अंधार, फ्लशचा आवाज, घरी कमोड आणि शाळेत भारतीय पद्धतीचं, किंवा नाडी न सुटणं. इलॅस्टिकची चड्डी-पँट घाला. बेल्ट, डंगरी, नाडी घरीच ठेवा. शाळेत शिरायच्या आधी एकदा जाऊन येणं नियमाचं करा. घरी ज्या शब्दाने सांगते तो शब्द ताईंना सांगून ठेवा. उकिडवं बसायची सवय घरी खेळता खेळता होऊ शकते. दप्तरात कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि झालंच कपड्यात तर चार लोकांत त्याचा विषय नको.

वर्गातल्या बाकीच्यांना सगळं येतं. आमची मागे पडते आहे का?

आधी जन्मतारीख बघा. महाराष्ट्रात प्रवेशाचं वय ३१ डिसेंबर धरून मोजतात: नर्सरीला त्या दिवशी ३ वर्षं पूर्ण, ज्युनिअरला ४, पहिलीला ६. म्हणजे ज्युनिअरच्या एकाच वर्गात जूनमध्ये जानेवारीचं मूल जवळपास साडेचार वर्षांचं असतं आणि डिसेंबरचं साडेतीनचं. या वयात एक वर्ष म्हणजे प्रचंड अंतर. डिसेंबरच्या मुलीची तुलना करायचीच असेल तर सहा महिन्यांपूर्वीच्या तिच्याशीच करा.

अक्षरं कधीपासून गिरवून घ्यायची?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून सविस्तर.

लिहिण्याआधी हाताला काही आकार यावे लागतात. साधारण तिसऱ्या वर्षी उभी रेघ आणि गोल जमतो, चौथ्याच्या आसपास अधिकची फुली, मग चौकोन, आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या सुमारास. ज्या मुलाला अजून तिरकी रेघ ओढता येत नाही त्याच्याकडून "अ" गिरवून घेणं म्हणजे त्याला रडवण्याची सोय. त्यातून "अ" हे लिहायला अवघड अक्षरांपैकी एक: दोन वळणं, मध्ये जोड, आडवी रेघ, दांडी आणि वर शिरोरेघा. मुळाक्षरांचा क्रम पाठ म्हणायला ठीक आहे, लिहायला नाही. लिहिताना सारख्या वळणाची अक्षरं एकत्र घ्या: ग, म, न, त, मग र, स, मग व, ब, क, मग प, ष, फ, ट, ठ, ढ. ज्ञ आणि क्ष यांना काही घाई नाही.

त्याआधीचे महिने हाताचे. बोटांत ताकद नसली की मूल पेन्सिल मुठीत धरतं किंवा इतकी दाबतं की टोक मोडतं. उपाय स्वयंपाकघरात आहेत: मटार सोलणं, कोथिंबीर निवडणं, कणकेच्या गोळ्या वळणं, चिमट्याने कपडे वाळत घालणं, ओला कपडा पिळणं. खडू किंवा क्रेयॉन अख्खा देण्याऐवजी मोडून दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा द्या. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटं आपोआप पुढे येतात. हा उपाय फुकट आहे आणि बाजारातल्या रबरी ग्रिपपेक्षा जास्त चालतो. भिंतीवरच्या फळ्यावर उभ्याने चित्रं काढली की मनगट आणि खांदाही तयार होतो.

मातीकामासाठी पीठ घरीच होतं: २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, १ चमचा तेल, चिमूटभर हळद, आणि साधारण पाऊण वाटी पाणी. पाणी एकदम ओतू नका. मीठ नंतर पाणी सोडतं आणि गोळा चिकट होतो. चिकट झालाच तर थोडा मैदा भुरभुरा. झाकणबंद डब्यात फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, पावसाळ्यात बाहेर ठेवलं तर बुरशी धरतं. फार खारट असतं, खाऊ देऊ नका.

आकृत्या गिरवायच्या असतील तर ताटात रवा पसरून बोटाने. चुकलं की ताट हलवायचं, खोडरबर लागत नाही.

मग अक्षरओळखीचं घरी काहीच करायचं नाही?

करायचं, पण कानाने. "क" दिसायला कसा असतो याच्या आधी "कप, काकडी, कुत्रा, केळं" यांच्या सुरुवातीला एकच आवाज आहे हे ऐकू यावं लागतं. जेवताना खेळा: "म-म-म ने सुरू होणारं ताटात काय आहे?" मीठ, मिरची, मेथी. शब्दाच्या टाळ्या वाजवा: टो-मॅ-टो, तीन. हे जमायला लागलं की शेवटचं अक्षर विचारा, मग भेंड्या.

पाहून ओळखायची पहिली अक्षरं तिच्या नावातली असू द्यात. डब्यावर, चपलेवर, छत्रीवर नाव लिहा, तेच तिचं पहिलं पुस्तक. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या एकाच आठवड्यात आणू नका. एक पक्कं झाल्यावर दुसरं. "ख" हा "रव" दिसतो, हा गोंधळ पुढे आपोआप निवळतो. इंटरनेटवरचा तक्ता छापून लावणार असाल तर ल आणि श बघून घ्या: हिंदी वळणाच्या टाइपात ते वेगळे दिसतात, आणि शाळेत मराठी वळणाचे शिकवतात.

गोष्ट मात्र रोज, दहा ते पंधरा मिनिटं, पुस्तक हातात धरून. तीच गोष्ट दहाव्यांदा मागितली तर दहाव्यांदा वाचा. एखादं पान मुद्दाम चुकीचं वाचा, लगेच पकडतील. पुस्तकं विकत घेणं परवडत नसेल तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीवर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. मोबाईल तुमच्या हातात ठेवून वाचून दाखवा.

१ ते १०० म्हणून दाखवते. गणित पक्कं समजायचं ना?

ते गाणं आहे. समोर सात चिंचोके ठेवा आणि मोजायला सांगा. बोट पुढे पळतं आणि तोंड मागे राहतं, किंवा एकच चिंचोका दोनदा मोजला जातो. मग विचारा "किती आहेत?" पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली तर शेवटचा आकडा म्हणजे एकूण, हे अजून कळलेलं नाही. चारच चिंचोक्यांवर परत या. जेवायला किती जणं, किती ताटं, एक कमी पडतंय का, एवढं रोज केलं तरी दहापर्यंत पक्कं होतं. या वर्षी दहाच्या पुढे धावायची गरज नाही.

अंक दाखवताना एक लक्षात ठेवा: मराठी एक आणि इंग्रजी नऊ जवळपास सारखे दिसतात, त्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या मुलांची फसगत होते. दोन्ही एकाच तक्त्यावर नकोत. आणि "एकवीस" ऐकून पुढे कधी १२ लिहिलं तर रागावू नका, आपण एककच आधी उच्चारतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" आलं तेव्हा मोठा गदारोळ झाला, पण अडचण खरीच आहे.

घरी मराठी, शाळा इंग्रजी. घरी इंग्रजी बोलायला लागू का?

नको. तुम्हाला ज्या भाषेत रागावता येतं, लाड करता येतात, गोष्ट रंगवता येते, त्याच भाषेत बोला. घरात तुटक इंग्रजी ऐकलेल्या मुलाला ना ती धड येते ना ही. ज्याला मराठीत "आधी, नंतर, म्हणून, कारण" वापरता येतं त्याला इंग्रजीत फक्त शब्द बदलावे लागतात. शाळेत अडू नये म्हणून पाच-सहा कामाचे शब्द शिकवा: वॉटर, टॉयलेट, हेल्प मी, पेनिंग. पहिले काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही, मूल वर्गात इंग्रजी बोलतच नाही, नुसतं ऐकतं. ऐकतंय, सूचना पाळतंय, तर ठीक चाललं आहे.

"आज काय शिकवलं?" विचारलं की "काही नाही" म्हणतो.

प्रश्न फार मोठा आहे. "आज कोणाशेजारी बसलास?", "डब्यात कोणाकडे काय होतं?", "कोण रडलं?" असं विचारा, आणि दारात शिरताना न विचारता संध्याकाळी, अंघोळीच्या वेळी. आधी तुमच्या दिवसातली एक गंमत सांगा, मग त्याची येते.

शाळेने रोज दोन पानं घरी लिहून आणायला सांगितली आहेत.

केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि पूर्वप्राथमिकला दप्तरच नको, असं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही ३ ते ८ वर्षं हा खेळातून शिकण्याचा टप्पा मानतं. ताईंना हे भांडून नको, शांतपणे सांगा. तोवर दहा मिनिटांचा गजर लावा. झालं तेवढं झालं, उरलेलं कोरं पाठवा. मुलाचा हात धरून पान पुरं करू नका, त्यामुळे ताईंनाही खरं चित्र कळत नाही.

आम्ही दोघंही नोकरी करतो. महागडी खेळणी, शैक्षणिक किट घ्यावं का?

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांची बालवाडी चालवली ती बिया, पानं, दगड, शिंपले यांवर. तुमच्याकडे वाट्या, चमचे, डाळी, जुनी लग्नपत्रिका आणि बोथट कात्री आहे. रोज वीस मिनिटं मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून मुलाबरोबर बसा, आणि सोबत घरातलं एक काम मुलाच्या नावावर करा: चपला जोडीने लावणं, मोजे गोळा करणं. आजी-आजोबा किंवा पाळणाघरातल्या मावशी सांभाळत असतील तर त्यांनाही तेच नियम सांगून ठेवा, नाहीतर एकीकडे भरवलं जातं आणि एकीकडे "स्वतः जेव".

मोबाईल किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटना या वयासाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास म्हणते, कमी असेल तर अधिक चांगलं. जेवताना आणि झोपण्याआधी तासभर अजिबात नको. अक्षरांचं ॲप हाही मोबाईलच.

डाव्या हाताने धरतो. बदलायला लावू का?

नाही. डावखुऱ्यांची कात्री मिळते, ती घ्या, आणि वही थोडी उजवीकडे तिरकी करून द्या.

सारखा आजारी पडतो. कधी घरी ठेवायचं?

पहिल्या पावसाळ्यात महिन्याला एखादी सर्दी होणारच. औषध न देता २४ तास ताप नसेल तरच शाळेत पाठवा. सकाळी पॅरासिटामॉल पाजून पाठवलेलं मूल अकरा वाजता तापाने फणफणतं, आणि तोवर चार जणांना देऊन झालेलं असतं. उलटी, जुलाब, डोळे येणं, तोंडात आणि हातापायांवर फोड येणं, अशा वेळी घरीच ठेवा आणि शाळेला कळवा. केसात उवा दिसल्या तरी कळवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बोलणं अजून बोबडं आहे. डॉक्टरांना दाखवू?

र ऐवजी ल येणं या वयात चालतं. चार वर्षं पूर्ण झाल्यावर बाहेरच्या माणसाला त्याचं बहुतेक बोलणं कळायला हवं. ते कळत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, टीव्ही मोठा करत असेल, तर आधी कान तपासून घ्या. अडखळणं या वयात येतं-जातं. "हळू बोल, नीट बोल" म्हणू नका, वाक्य त्याचं त्याला पुरं करू द्या. सहा महिन्यांहून जास्त टिकलं किंवा बोलताना चेहरा ताणला जात असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते, पुढचे उपचार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत मिळतात.

ताईंशी कधी आणि काय बोलावं?

सकाळी गेटवर नको, तेव्हा त्यांच्या कडेवर एक आणि हाताला दोन मुलं असतात. डायरीत दोन ओळी लिहा किंवा शाळा सुटल्यावरची वेळ मागून घ्या. पहिल्याच आठवड्यात कळवायच्या गोष्टी: कशाची ॲलर्जी, घरी शूसाठी कोणता शब्द, कशाची भीती वाटते, घरात नवं बाळ किंवा आजारपण आहे का, आणि न्यायला कोणकोण येणार. रोज न्यायला येणारी व्यक्ती बदलणार असेल तर फोन करूनही सांगा आणि डायरीतही लिहा.